दाढ सुजली त्या आठवड्यातले फोन

लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर मी नवऱ्याला सोडून लातूरला राहायला गेले. भांडून नव्हे. मुलीला मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास लावला होता, आणि क्लास म्हटलं की आमच्याकडे लातूरच. पोरांनी शिकायचं, आईनं सोबत खोली करून राहायचं आणि बापानं गावाकडे भाकरी थापायला शिकायचं, अशी पद्धतच पडून गेली आहे. आमच्या मजल्यावर सहा खोल्या होत्या आणि सहा खोल्यांत सहा तालुक्यांच्या आया.

आमचे हे धर्माबादला. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांचं बारदानाचं दुकान आहे, म्हणजे मिरची-सोयाबीन भरायची रिकामी पोती विकायचं. माणूस सोन्यासारखा, पण बोलण्याच्या बाबतीत कमालीचा चिक्कू. मी मात्र बोलायला बसले की समोरच्याचा चहा निवतो. रोज दुपारी तीनला, मुलगी क्लासला गेलेली असताना, मी त्यांना फोन करायचे. नळाला पाणी आलं की नाही, टेस्टमध्ये पोरीला किती पडले, शेजारणीनं कसली भाजी केली, सगळं सांगायचे. पलीकडून नुसतं "हं." मग आणखी एक "हं." पंधरा मिनिटांनी "ठेवू का?" की संपलं. एकदा चिडून मी मध्येच म्हटलं, "काल मी दिवसभर पोहायला गेले होते." त्यावरही "हं."

त्या दोन वर्षांत मला दुसरं काही नको होतं. या माणसानं एकदा आपणहून काहीतरी बोलावं, एवढंच. तुझ्यावाचून करमत नाही असं म्हणायची अपेक्षा मी कधीच सोडली होती. आज काय खाल्लं हे न विचारता सांगितलं असतं तरी मला आठवडाभर पुरलं असतं. फोन ठेवला की मी खिडकीशी जाऊन उभी राहायचे आणि मोंढ्यातल्या मिरचीच्या खकाण्याचीसुद्धा आठवण यायची. गावी असताना त्याच खकाण्यानं शिंकून शिंकून जीव नकोसा झालेला असायचा.

परीक्षेला बारा दिवस उरले होते, त्या बुधवारी माझी खालची अक्कलदाढ ठणकायला लागली. मी लवंग धरली, मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या आणि मुलीला काही कळू दिलं नाही. तिच्या डोक्यात आता माझी दाढ कशाला? गुरुवारी गाल सुजला. शेजारच्या खोलीत जळकोटची एक बाई होती, मुलासाठी राहिलेली. ती म्हणाली, "ताई, शेक द्या. माझ्या आईचा ठणका शेकानंच जायचा." तिनं तवा तापवला, त्यावर फडकं गरम केलं आणि मी दोन दिवस मन लावून गाल शेकला. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू! मुलीला सांगितलं, उष्णता झाली आहे, म्हणून तोंड आलंय.

शनिवारी उठले तर तोंड उघडेना. चहाचा चमचा आडवा जाईना, उभा जाईना. अंगात ताप, आणि थुंकी गिळताना कानापर्यंत कळ. मुलगी नाश्ता करून जाईपर्यंत मी तोंडावर पदर धरून निभावलं. दुपारी मात्र घाबरले. घशाशी काहीतरी दाटल्यासारखं होत होतं. जळकोटची बाई बळंच म्हणाली, "चला, दातांच्या डॉक्टरकडं," आणि चपला घालायला लागली. तोवर तीन वाजून गेले होते. माझा फोन गेला नाही म्हणून त्यांचाच आला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

बाईनं फोन स्पीकरवर टाकला. "दाजी, ताईचं तोंड मिटलंय. गाल हा एवढा सुजलाय. बोलता येईना त्यांना. आम्ही डॉक्टरकडं निघालोत."

मग त्यांनी विचारलं, "ऐकू तर येतंय का तिला?"

"येतंय की. टिचकी मारतील बघा. एक मारली तर हाव, दोन मारल्या तर न्हाई."

"बरं. मग ठेवू का?"

मी फोनवर नखानं दोन टिचक्या मारल्या. जोरात.

रिक्षात बसलो, तरी फोन चालूच. पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. "काय बोलू मी? आज तेलंगणाची गाडी आली. निम्मी पोती फाटकी. परत धाडून राहिलो." मग थांबले. मला वाटलं, संपलं. "भाकरी आता गोल होऊन राहिली. पयले कर्नाटकाच्या नकाशासारखी व्हायची. तुळस हाय बरी. तुझ्या चपला दारातच ठिवल्यात. आत न्हाई ठिवत. ऐकून राहिलीस ना?" मी एक टिचकी मारली. गाल ठणकत होता, रिक्षा खड्ड्यांतून उडत होती आणि मी फोन कानाला असा दाबून धरला होता, जणू कोणी हिसकावून नेईल.

दवाखान्याचं दार दुपारचं बंद होतं. बाईनं बेल दाबून धरली. डॉक्टरीण वरच्या मजल्यावरच राहत होती, कोवळी पोरगी, ताटावरून उठून आली असावी. माझा चेहरा पाहताच तिनं दिवा लावला. तोंडात एक बोट कसंबसं गेलं. "काकू, बाहेरून शेक दिला का?" बाई माझ्यामागे लपली. "शेकानं पू गालाकडे उतरलाय. अजून एक दिवस घरी बसला असता तर श्वासाला अडचण आली असती. दाढ आज निघणार नाही, तोंडच उघडत नाही. आज पू काढून देते." तिनं सुई भरली. तेवढ्यात माझ्या छातीवरचा फोन म्हणाला, "काल वरण जळालं."

डॉक्टरीण दचकली. बाई म्हणाली, "दाजी हायत. त्यांना थांबवू नका बाई, एकोणीस वर्षांनी सुरू झालेत."

सुई टोचली तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरला. पलीकडे त्यांना काय चाललंय ते दिसत नव्हतं, म्हणून ते आपल्या धुंदीत बोलत होते. "तुला वाटत आसंल, मी गिऱ्हाईक करत करत हं हं करतो. न्हाई. तीन वाजले की मी शटर निम्मं खाली वढतो. समद्या मोंढ्याला ठाव हाय, तीनला ह्याचं दुकान बंद ऱ्हातंय. तू पोहायला गेल्ती म्हणालीस त्या दिवशी लई हसलो मी. लातुरात पोहायला पाणी कुठं हाय? प्यायचंच टँकरनं येतंय." मग आवाज जरा खाली गेला. "तू बोलत ऱ्हातीस तवा घरात आसल्यावानी वाटतंय. मधी बोललो तर तू थांबशील, म्हणून मी बोलत न्हाई."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात गेलं. डॉक्टरीण हात थांबवून म्हणाली, "दुखतंय का काकू?" मी फोनवरच दोन टिचक्या मारल्या. पलीकडून ते गोंधळून म्हणाले, "न्हाई काय? खरं सांगून राहिलो की!"

पू निघाला, इंजेक्शन झालं, गोळ्या मिळाल्या. गिळायला किंवा श्वास घ्यायला जड गेलं तर सरळ मोठा दवाखाना गाठायचा, असं तिनं बजावून सांगितलं. तशी वेळ आली नाही. संध्याकाळी मुलीला सगळं कळलं. ती रडली, चिडली, आणि आईनं 'काही नाही' म्हटलं तरी विश्वास ठेवायचा नसतो हे तिला कायमचं समजलं. मंगळवारी माझं तोंड तीन बोटं उघडायला लागलं. मी मुलीला तीन दिवसांचं साठलेलं रागावून घेतलं. बाईला शेकावरून चिडवलं.

पण तीन वाजता फोन लावला आणि एक टिचकी मारली.

लबाडीच होती. पण मी काय करणार? ते रोज बोलत होते. शेजारच्या दुकानदाराच्या मांजरीबद्दल, स्वतःच्या आईनं शिकवलेल्या एका तेलुगू ओवीबद्दल, लग्नात माझी बांगडी फुटली तेव्हा ते किती घाबरले होते त्याबद्दल. ही ओवी मी एकोणीस वर्षांत ऐकली नव्हती. मी भिंतीला टेकून बसायचे, फोन मांडीवर ठेवायचे आणि हाव, न्हाई, हाव अशा टिचक्या मारायचे. शुक्रवारी ते बोलता बोलता थांबले. "तुझं तोंड मंगळवारीच उघडलंय," ते म्हणाले. "पोरीनं त्याच दिवशी सांगितलं मला." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर ते घाईनं म्हणाले, "आसू दे, आसू दे. नको बोलूस. मांजरीचं निम्मं राहिलंय."

परीक्षेनंतर दाढ काढली. मुलीचा नंबर मेडिकलला लागला नाही, दातांच्या डॉक्टरकीला लागला. माझी दाढ पाहून नव्हे, मार्क पाहून. ती हॉस्टेलला गेली आणि मी खोली रिकामी करून धर्माबादला आले. चपला दारातच होत्या, धूळ पुसलेल्या.

आता आम्ही एका घरात आहोत, आणि ते पुन्हा पहिल्यासारखे झाले आहेत. मी बोलते, ते "हं" म्हणतात. आता मला त्या "हं"चा राग येत नाही, कारण त्यामागे काय आहे ते मी ऐकलं आहे. तरी कधी कधी जेवताना समोर बसलेल्या माणसाकडे बघून मला लातूरची ती खोली आठवते, आणि तिथून ऐकलेला त्यांचा आवाज हवासा वाटतो. समोर बसलेल्या माणसाची आठवण यावी, हे कुणाला सांगायचं?

परवा दुपारी राहवलं नाही. ते दुकानात होते, मी घरात, मध्ये दोन गल्ल्या. घड्याळात तीन वाजले आणि मी फोन लावला. त्यांनी "हं" म्हटलं. मी बोलले नाही. नखानं एक टिचकी मारली.

पलीकडे कुणीतरी पोत्यांचा भाव विचारत होतं. ते त्याला म्हणाले, "पाच मिनिटं थांबा." मग शटर खाली ओढल्याचा खडखडाट ऐकू आला.