दीड वीत

रमाकांत आठल्ये सदतीस वर्षं उत्तरेतल्या एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते, आणि सदतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. दुसऱ्याच्या कामात खोट काढली. तांब्याच्या तारेवर नखाएवढा चरा दिसला की लाल खडूची फुली. "आठल्येजी, इतना तो चलता है," असं कुणी म्हणालं की शेजारी आणखी एक फुली. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, खडू सुटला, पण खोड काही सुटली नाही. लक्ष्मी गेट भागातल्या घरात भाजीच्या फोडी लहानमोठ्या झाल्या तरी ते ताटाकडे बोट रोखत.

अशा माणसाने हातसुताची शाल विणायला घ्यावी, आता याला काय म्हणावं!

सूत त्यांच्या बायकोचं, अनुसूयाबाईंचं. दुपारची भांडी आवरली की त्या पेटी चरखा घेऊन खिडकीशी बसत. मोठ गावाकडचं एक विणकाम केंद्र बंद पडलं, तेव्हा रमाकांतांनी तिथला टेबलावर मावेल एवढा माग घरी आणला आणि दोन वर्षं पंचे विणून हात बसवला. मग गेल्या पावसाळ्यात अनुसूयाबाईंचा उजवा हात थरथरायला लागला. कंपवात, डॉक्टर म्हणाले. दसऱ्यापर्यंत त्या नेटाने कातत राहिल्या. मग चरखा पलंगाखाली गेला, तो गेलाच.

बंगळुरूहून लेकीचा, नीरजाचा फोन आला. "बाबा, मला आईच्या सुताची शाल पाहिजे. सिर्फ उसी के सूत की. बाजार का एक धागा भी मत डालना." संक्रांतीला ती येणार होती.

उभा ताणा जुन्या, चांगल्या सुताचा. पहिली हातभर शाल सुरेख उतरली. मग आडव्या धाग्याला शेवटच्या लडी आल्या, थरथरत्या हाताच्या. एके ठिकाणी शेवईएवढं जाड, पुढे केसासारखं बारीक. सूत वाहणारा धोटा अडे, धागा तुटे, रमाकांतांच्या डोक्यात तिडीक जाई. त्यांनी कात्री घेतली. दिसला जाड भाग की काप, टोकाला टोक जोड, पुढे चल. कापलेले वीत वीत तुकडे मागाशेजारच्या बिस्किटाच्या डब्यात.

"हे काय सूत आहे?" ते तिथूनच ओरडत.

"हात ऐकत नाही हो."

"मग थांबायचं होतंस!"

बोलून गेल्यावर त्यांनाच वाईट वाटे. पण कात्री काही खाली ठेवली जात नसे. डबा भरला की अनुसूयाबाई मुकाट्याने तो आत नेऊन रिकामा करत.

संक्रांतीला सहा दिवस उरले आणि सूत संपलं. दीड वीत ताणा अजून रिकामाच. रमाकांतांनी कपाट उपसलं, ट्रंक उपसली, चरख्याच्या पेटीत हात घालून पाहिला. चातीवर हातभर धागा निघाला, बस्स. आता बाजारचं सूत घालावं तर लेकीला दिलेल्या शब्दाचं काय? एवढीशी ठेवावी तर ताडमाड नीरजाच्या पाठीला पुरायची नाही. संताप संताप झाला, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं. मग त्यांना डबा आठवला.

"अगं, ते तुकडे कुठे टाकलेस?"

"टाकीन कशाला? वाती वळल्या त्यांच्या."

"कसल्या वाती?"

"देवाच्या. कातायला नाही जमत, पण तळहातावर वळता येतं अजून. दिवाळीपासून त्याच लावतोय आपण. म्हणजे तुम्हीच लावता की रोज. मला काडी कुठे धरता येते?"

रमाकांत देवघरात गेले. वातींच्या डबीत नऊ वाती होत्या. दोन महिने रोज संध्याकाळी आंघोळ करून, सोवळं नेसून, त्यांनी स्वतःच्या हाताने काडी लावून नीरजाची शाल जाळली होती. शुभं करोति म्हणत! त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

नऊ वाती त्यांनी उलगडल्या. तुकड्याला तुकडा जोडला, जाडाबारीक होता तसाच कांडीवर भरला. धोटा अडला, दोनदा धागा तुटला, ते दोनदा चरफडले. कात्रीला मात्र हात लावला नाही. सगळं मिळून दोन बोटं कापड झालं. उरलेल्या ताण्याच्या लांबच लांब दशा सोडून त्यांनी शाल मागावरून कापून उतरवली आणि अनुसूयाबाईंच्या मांडीवर ठेवली.

अनुसूयाबाईंनी थरथरती बोटं एका टोकापासून फिरवायला सुरुवात केली. फिरवत गेल्या, फिरवत गेल्या.

"छान झालीय. एकसारखी." थोडं थांबून म्हणाल्या, "पण यात माझं काही हाताला लागत नाही हो."

बोटं शेवटच्या टोकाला आली, त्या खडबडीत दोन बोटांवर, आणि तिथेच थांबली.

"हं. हे माझं," त्या म्हणाल्या. "नीरजाला सांगा, हे टोक वर घे म्हणावं."

रमाकांतांनी मान हलवली. शाल उतरवताना घेतलेली कात्री अजून हातातच होती. ती कुठे ठेवावी हे त्यांना कळेना.