वांडाबाईंनी कोरलेली तबकडी

वांडा ह्लावाटी या बाईंनी एकतीस वर्षं तबकड्या कोरल्या. स्टुडिओतून टेप आली की तिच्यावरचं गाणं यंत्राच्या सुईनं लाखेच्या तबकडीवर उतरवायचं, त्या तबकडीवरून साचे निघायचे आणि साच्यांवरून हजारो रेकॉर्डी. क्लीव्हलंडमध्ये निघालेल्या निम्म्या रॉक रेकॉर्डी त्यांच्या हाताखालून गेल्या असतील, पण एकाही वेष्टनावर त्यांचं नाव नाही. शेवटच्या गाण्यानंतर तबकडीवर जे रिकामं कडं उरतं, त्यात त्या टोच्यानं आपली आद्याक्षरं ओरखडायच्या. तेवढीच त्यांची सही.

माझं जुन्या रेकॉर्डींचं दुकान आहे, क्लीव्हलंडला लागूनच्या पार्मामध्ये. रीमास्टर म्हणून जे विकतात, म्हणजे जुनाच अल्बम मूळ टेपवरून नव्यानं घासूनपुसून काढलेला, त्याबद्दल माझं मत साऱ्या गिऱ्हाइकांना पाठ आहे. म्हातारीला पावडर फासून ती तरुण होत नाही. तरी दर शनिवारी चार वाजता आमच्याकडे परीक्षा होते. पडद्यामागे दोन प्लेअर, एकावर जुनी तबकडी, दुसऱ्यावर नवी. कुठली कुठं ते मलाच ठाऊक. ऐकणाऱ्यांनी पसंतीच्या बाजूच्या कॉफीच्या डब्यात बाटलीचं बूच टाकायचं. अकरा वर्षांत नवीन पाचदा जिंकली, आणि त्या पाचही वेळांचा मला अजून राग आहे.

वांडाबाई दर शनिवारी यायच्या. कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, आणायच्या, हीटरजवळच्या खुर्चीत बसायच्या, पण बूच कधी टाकलं नाही. आग्रह केला की म्हणायच्या, "मी खाटीक आहे रे बाळा. मला रश्श्याची चव नको विचारूस."

गेल्या मार्चमधल्या एका गुरुवारी आयर्न फेरीचा अल्बम नव्यानं आला. आयर्न फेरी म्हणजे आमच्या गल्लीतली पोरं. पंचाहत्तर साली त्यांचा एकच अल्बम गाजला, आणि त्यातही दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं. इथल्या लग्नांत ते अजून वाजतं. वांडाबाई त्या दिवशी सहज डोकावल्या होत्या. त्यांनी वेष्टनाची मागची बाजू डोळ्यांजवळ धरून वाचली आणि समोरच्या खोक्यावरच बसल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्यांना कळलं." त्यांनी बोट ठेवलं. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: जुनी तबकडी तीन टक्के जलद कोरली गेली होती, ती चूक आता दुरुस्त केली आहे.

मग त्यांनी सांगितलं. ती दुसरी बाजू सव्वीस मिनिटांची होती. आवाज मोठा हवा तर खाच रुंद लागते, आणि रुंद खाचा सव्वीस मिनिटं पुरत नाहीत. रेकॉर्ड कंपनीच्या मालकाला दोन्ही हवं होतं. वांडाबाईंनी एक नमुना कोरताना टेप थोडी जलद सोडली. पाऊण मिनिट वाचलं, सगळं बसलं, आणि गाण्यालाही जरा उसळी आली. फक्त सूर अर्धी पट्टी वर चढला. नमुनाच आहे म्हणून त्या गप्प राहिल्या. मालकानं तो ऐकला, खूश झाला आणि थेट कारखान्यात धाडला.

"मग सांगायचं ना."

"अठ्ठावीस वर्षांची होते. त्या खोलीत मी एकटीच बाई. चूक कबूल केली असती तर दुसऱ्या दिवशी चहा करायला बसवलं असतं." त्यांनी वेष्टन खाली ठेवलं. "आणि शनिवारी रॉइस येणार आहे."

रॉइस टिलमन म्हणजे आयर्न फेरीचा गायक. त्याच्याच अल्बमची परीक्षा म्हणून मी त्याला बोलावलं होतं. त्याची कथा इथं सगळ्यांना माहीत आहे. रेकॉर्ड गाजली आणि लोकांना ती कार्यक्रमात जशीच्या तशी हवी झाली. रॉइस घरच्या प्लेअरवर लावून बघायचा तर गिटार जुळेना. प्लेअर जलद असेल म्हणून त्यानं दुसऱ्याच्या घरी जाऊन बघितलं, तिथंही तेच. तेव्हा स्वस्तातले प्लेअर थोडे पुढंमागं पळायचेच, त्यामुळे जो तो आपल्याच यंत्राला दोष द्यायचा. तबकडीवर संशय कोण घेणार? शेवटी त्यांनी गिटारीच वर चढवल्या. शेवटच्या कडव्यातला तो उंच सूर रॉइसला रोज रात्री अर्धी पट्टी वर गाठावा लागला. कधी लागला, बहुतेकदा फाटला. तो कुरकुरला की ढोलवाला म्हणायचा, "नाचता येईना, अंगण वाकडं." चौथ्या वर्षी घशाची शस्त्रक्रिया झाली आणि बँड मोडला. मग रॉइसनं पस्तीस वर्षं शाळेची बस चालवली. स्वतःच्या मुलीच्या लग्नातसुद्धा तो गायला नाही.

मी वांडाबाईंना म्हणालो, "झाकली मूठ सव्वा लाखाची. बोलू नका. आता त्याचा घसा थोडाच परत येणार आहे?"

"घशाचं नाही म्हणत मी," त्या म्हणाल्या. "तो स्वतःला कच्चा गवई समजतोय."

शनिवारी दुकान भरलं. रॉइस टोपी मांडीवर घेऊन दाराजवळ बसला. मी आधी जुनी लावली. लोकांच्या माना हलल्या. मग नवी लावली. काही ओळी होतात न होतात तोच मागून कोणीतरी म्हणालं, "हे काय, गाणं आजारी आहे का?" हशा पिकला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बुचं पडली: जुन्या बाजूला चौदा, नव्या बाजूला एकही नाही.

रॉइसनं बूच टाकलंच नव्हतं. ते बोटांत फिरवत तो म्हणाला, "दुसऱ्यात मी आहे. पहिल्यात कोण आहे, ते मला कधीच कळलं नाही."

वांडाबाई उठल्या. खुर्चीपासून त्याच्यापर्यंत दहा पावलं असतील. मी डोळ्यांनी नको म्हणत होतो, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"रॉइस, अंगण वाकडंच होतं. मी केलं होतं."

त्यांनी सगळं सांगितलं, उभ्यानंच, एकही सबब न देता. मालकाचं नावसुद्धा काढलं नाही. मग जुनी तबकडी मागून घेतली आणि उजेडात तिरपी धरली. रिकाम्या कड्यात त्यांच्या आद्याक्षरांपुढे एक बारीक अधिकची खूण होती आणि तीनचा आकडा: तीन टक्के जास्त. ती खूण असलेल्या प्रती मी स्वतः जास्त किमतीला विकल्या आहेत. तिसऱ्या खेपेची उत्तम कोरणी, असं छातीठोक सांगून. बाईंनी कबुली पहिल्याच दिवशी लिहून ठेवली होती, आणि आम्ही जाणकार पन्नास वर्षं तिच्यावर भाव सांगत बसलो. मला माझीच लाज वाटली.

"ही माझ्या घरी भिंतीवर आहे," रॉइस म्हणाला. "जाता-येता दिसते."

"माहीत आहे."

"मला एक फोन करायचा होतास, वांडा."

"करायला हवा होता."

"मी तुला माफ वगैरे केलं नाहीये अजून."

"नकोच करूस," वांडाबाई म्हणाल्या आणि तिथंच त्याच्या शेजारी बसल्या.

रॉइसनं बूच खिशात टाकलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "नवी लाव. शेवटचं कडवं."

मी लावलं. आधी तो नुसता ओठ हलवत होता. मग त्याचा आवाज आला, खरबरीत, शस्त्रक्रियेनंतरचा, निम्मा वाराच. लोक खाली बघायला लागले. मलाही तिथं उभं राहवेना. तो उंच सूर जवळ आला तशी त्यानं सवयीनं मान वर ताणली आणि डोळे मिटून घेतले.

सूर लागला. सुंदर वगैरे नाही, पण लागला, आणि गाणं पुढे गेलं तरी त्याची मान तशीच ताणलेली राहिली, अजून वर चढायचंय असं वाटत असल्यासारखी. मग त्यानं डोळे उघडले आणि वांडाबाईंकडे वळला.

"एवढ्यावरच होता की गं हा सूर," तो म्हणाला.