सात वाजताचा आवाज

सौदीतल्या जुबैलहून नाशिकला आईवडिलांना पत्र पाठवायचं म्हणजे त्या काळी कॅसेट पाठवायची. एका बाजूला मी बोलायचो, दुसऱ्या बाजूला बायको आणि मुलगी. सुट्टीवर निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेत ती कोंबली की आठ-दहा दिवसांत घरी पोचायची. एकदा मी भलतीच कॅसेट दिली. वडिलांनी शेजारपाजार जमवून टेपरेकॉर्डर लावला आणि तासभर घरात सॅक्सोफोन वाजला. मधूनमधून एक जाड आवाजाचा माणूस इंग्रजीत चार वाक्यं बोलायचा. वडिलांचं उत्तर आलं: "कॅसेट मिळाली. वाद्य रडतं चांगलं. तुझी आई म्हणते, तुझा आवाज फार बसलाय, काढा घे."

तो आवाज आमच्या कंपाउंडच्या, म्हणजे कंपनीच्या वसाहतीच्या, रेडिओचा. समुद्राचं खारं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पावर मी इन्स्ट्रुमेंट इंजिनियर होतो. कंपनी अमेरिकन, आणि तिने आपल्या माणसांसाठी एका पोर्टा केबिनमध्ये छोटंसं एफएम स्टेशन थाटलं होतं. त्याची झेप कंपाउंडच्या भिंतीपुरतीच. भाजी आणायला बाहेर पडलं की दुसऱ्या वळणावर गाणं खरखरायला लागायचं. सकाळी कामावर जाताना सोलची गाणी, गुरुवारी फर्माइशी, आणि रोज संध्याकाळी सात ते आठ जॅझ. हा तास एक काळा अमेरिकन बॉयलर सुपरवायझर चालवायचा. दिवसा वाफ सांभाळायची, संध्याकाळी सॅक्सोफोन.

मला जॅझमधलं काय कळत होतं? आमच्या घराण्यात संगीताचा संबंध आरतीच्या टाळांपर्यंत. पण तो माणूस गाण्याआधी जे बोलायचा त्याची मला चटक लागली होती. काकवीसारखा आवाज. आज पारा किती चढला, धुळीचं वादळ कुठवर आलंय, शाळेची बस उद्या उशिरा येणार, अमक्या ब्लॉकमध्ये मुलगी झाली, अभिनंदन. आमच्या मुलीचा सातवा वाढदिवस त्याने नावाची पार मोडतोड करून सांगितला, तेव्हा ती नवा फ्रॉक नीट करून रेडिओसमोर उभी राहिली होती. जणू तो तिला बघतोय.

मी मात्र त्याला एकदाच पाहिलं, तेही लांबून. तो अमेरिकनांच्या बाजूला राहायचा, आम्ही रस्त्यापलीकडे आशियाई फॅमिली क्वार्टर्समध्ये. मधे भिंत नव्हती. गरजही नव्हती.

मग ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. कुवेत आमच्यापासून गाडीने तीन-चार तासांवर.

बायको त्याच आठवड्यात म्हणाली, "अहो, आम्ही दोघी जातो नाशिकला. तुम्हाला कंपनी सोडणार नाही, पण आम्हाला कोण अडवतंय?"

मी तिला माझा सिद्धांत ऐकवला. "अगं, तो सात वाजताचा माणूस रोज येतोय ना? अमेरिकन आहे. त्यांच्या वकिलातीला सगळ्यात आधी खबर लागते. पळायची वेळ आली तर पहिला तो पळेल. तो रेडिओवर आहे तोवर निवांत राहायचं."

ती राहिली. पासपोर्टवर एक्झिट-रीएन्ट्रीचे, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत यायच्या परवानगीचे, शिक्के मारून घेतले, आणि ते कपाटात साड्यांखाली ठेवले.

रेडिओ मात्र हळूहळू मिटत चालला होता. सकाळचं सोल बंद झालं, त्या जागी खंदक आणि पाणीसाठ्याच्या सूचना आल्या. मग गुरुवारच्या फर्माइशी गेल्या. मी एका गाण्यासाठी दोन चिठ्ठ्या पाठवल्या होत्या, त्या कुठे गेल्या कळलं नाही. एकेक निवेदक निरोप न घेताच नाहीसा झाला. शेवटी दिवसभराच्या शांततेत तो सात ते आठचा तास तेवढा उरला.

"हल्ली हा वाढदिवस का सांगत नाही हो?" बायकोने एकदा विचारलं.

"युद्धाचे दिवस. नावं घेत नाहीत."

"आणि हवा? आज डोळ्यासमोर हात दिसत नाही इतकी धूळ आहे, त्याबद्दल अवाक्षर नाही."

"हवामान हे लष्करी गुपित असतं," मी म्हणालो.

माझ्याकडे सगळ्याचं उत्तर होतं. आणि माझा धंदा काय? तर मीटर तपासण्याचा! नव्या ट्रेनींना मी दरवर्षी पढवायचो, की काटा महिनोन्‌महिने एकाच जागी असेल तर सगळं ठीक आहे असं समजू नका, मीटर मेलाय असं समजा. हे मी पगार घेऊन शिकवायचो आणि घरी येऊन विसरायचो.

डिसेंबरात मुलीची शाळा बंद झाली, तेव्हा बायकोने पुन्हा विषय काढला. मी रेडिओकडे बोट दाखवलं. जानेवारीत युद्ध सुरू झालं आणि आमच्या बाजूचा विमानतळ प्रवाशांना बंद झाला.

दोन-चार दिवसांनी संध्याकाळी सातच्या थोडं आधी सायरन झाला. ठरल्याप्रमाणे आम्ही बाथरूममध्ये शिरलो, दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले. कंपनीने विषारी वायूपासून वाचायला मास्क वाटले होते, पण मुलीच्या मापाचा नव्हता. मोठा मास्क तिच्या हनुवटीखाली वाटीएवढा उघडा राहायचा. बायको तिथे ओला पंचा दाबून बसली होती. तिने स्वतः मास्क घातलाच नव्हता, कारण तो घातला की तिला मुलीचं तोंड नीट दिसत नव्हतं.

स्वयंपाकघरात रेडिओ चालूच राहिला होता. सात वाजले आणि तो आवाज आला. रोजच्यासारखा, काकवीसारखा. "गुड ईव्हनिंग, मित्रांनो," असं काहीसं म्हणून तो पुढे म्हणाला, की आज कशी शांत संध्याकाळ आहे. अशा वेळी घाई करू नये, संथपणे सुरुवात करू.

त्याच क्षणी कुठेतरी धडाडलं. बाथरूमच्या आरशाला तडा गेला. सॅक्सोफोन सुरू झाला.

मी मास्कच्या आतून ओरडलो, "बघ! ह्याला म्हणतात छाती!"

मुलगी पंच्याआडून म्हणाली, "बाबा, व्हाय इज ही सेइंग शांत? कान्ट ही हिअर?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. धोका टळल्याचा ऑल क्लिअरचा भोंगा होईपर्यंत आम्ही तिघं तसेच बसलो आणि तो आम्हाला एकामागून एक गाणी ऐकवत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्रथमच रस्ता ओलांडून त्या केबिनवर गेलो. दार उघडंच. आत स्टोअर सांभाळणारा मलयाळी माणूस डबा खात बसला होता. मी विचारलं, सात वाजताचे साहेब कधी भेटतील?

"वो? वो तो कब का गया, साब. ऑगस्ट में."

"ऑगस्टमध्ये कधी?"

"कुवेत के तीसरे दिन. खलास. एक्झिट ओन्ली, वापस नहीं आने का."

मी म्हणालो, काल रात्री मी त्याला ऐकलं. त्याने भाताचा घास गिळला आणि मान वळवून मागचं फडताळ दाखवलं. रांगेने टेपा. सुट्टीवर जायचा तेव्हा आधी भरून ठेवायचा म्हणे, म्हणून त्यांत तारीख नाही, हवा नाही, कुणाचं नाव नाही.

"कॅम्प बॉस बोला, सात बजे का आवाज बंद नहीं होना मांगता, लोग डर जाएगा. मैं बटन दबाता हूँ, साब. पाँच महीना हो गया." मग त्याने अगदी आपुलकीने विचारलं, "आपका फॅमिली तो निकल गया ना?"

मी त्या फडताळाकडे बघत राहिलो. स्टेशन केव्हाच मेलं होतं, आणि मी त्याच्या श्वासावर माझ्या पोरीला थांबवलं होतं.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. कंपनीच्या बसने कुटुंबं जेद्द्याला नेली, वाळवंट आडवं कापून. तिथल्या शराफिया वस्तीत रत्नागिरीकडच्या एका खानावळवाल्याने माझ्या दोघींना दोन दिवस घरच्यासारखं ठेवलं आणि विमानात बसवलं. मी जुबैललाच राहिलो. समुद्रावरून तेलाचा तवंग येत होता, आमचे पाण्याचे पाइप वाचवायचे होते. टेपा झिजल्या, आवाज जड झाला, मग एके दिवशी सात वाजले आणि काहीच लागलं नाही. युद्धानंतर छपरांवर डिश अँटेना आल्या आणि केबिनमध्ये परत आलेले मास्क रचून ठेवले. जॅझ, सोल कुठे गेलं अशी तक्रार कुणी केली नाही. मीही केली नाही.

पण ती दुपार. मी घरी आलो तेव्हा बायको ओट्याशी तांदूळ निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, टेपांच्या रांगेपर्यंत. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने ताट बाजूला सारलं.

"म्हणजे पाच महिने तुम्ही त्याच्या भरवशावर होता?"

"हो."

"आणि मी तुमच्या."

ती खोलीत गेली. कपाट उघडल्याचा, साड्या उपसल्याचा आवाज आला. पासपोर्ट हातात घेऊन ती बाहेर आली आणि म्हणाली, "जेद्द्याची बस कधी आहे ते विचारून या. आणि ज्याला विचाराल तो माणूस समोर उभा आहे ना, ते आधी बघा."