मंगळाच्या गाडीचा मुकादम

हमाली सोडून मेढ्याला घरी आलो, तेव्हा लोक म्हणाले, आता निवांत बसा. बसणं हे कामच मला येत नाही, हे घरी आल्यावर कळलं. सगळा जन्म सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहिली, पुढं टोळीचा मुकादम झालो. माझ्या टोळीनं रचलेली गाडी घाटात कलंडली, असं एकदाही झालं नाही. आणि आता रचायला होती ती परड्यातली चुलीची लाकडं. एकदा रचायची, पुन्हा मोडायची, पुन्हा रचायची.

बायको म्हणायची, "आवं, ती लाकडं काय पळून चाललीत व्हय? सोडा की त्यांना."

एकोणीसशे नव्वदच्या पुढची वर्षं होती ती. रविवारी सकाळी रेडिओवर सांगलीहून एक नाटक लागायचं, भागाभागानं. मंगळावर माणसांची वस्ती झाली आहे आणि पृथ्वीबाहेर, अंतराळातल्या तळावर, एक यान बियाणं, औषधं, यंत्रं भरून तिकडं निघायच्या तयारीत आहे, अशी गोष्ट. मी तिसरी नापास माणूस, पण मालाची गाडी म्हटल्यावर कान टवकारले. दुसऱ्या भागात यानाचा कप्तान म्हणाला, "इथं कशालाच वजन नाही. कळ दाबली की माल आपोआप आत, आपोआप बाहेर. हमाल हा प्राणी आपण पृथ्वीवरच सोडून आलो."

चहाची बशी मी खाली ठेवली. प्राणी म्हणाला.

त्याच दिवशी कार्ड लिहिलं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण दुसऱ्याकडून लिहून घेणाऱ्यातला मी नाही. लिहिलं, पोत्याचं वजन गेलं तरी पोत्याची खोड जात नाही. ढकललेलं पोतं थांबवायला माणूस लागतो.

पुढच्या रविवारी नाटक संपल्यावर लिहिणाऱ्या बाईंनी स्वतः पत्रांना उत्तरं दिली. सांगलीच्या कॉलेजात विज्ञान शिकवायच्या त्या. आवाज गोड होता. "मेढ्याच्या आजोबांचं पत्र मोठं गमतीचं आहे. आजोबा, जिथं वजन नाही तिथं ओझं नाही, आणि ओझं नाही तिथं हमालही नाही. तुम्ही आता विश्रांती घ्या."

बायको हसली. मग माझं तोंड बघून थांबली. "तुमाला कशाला झोंबलं एवढं? तुमी काय मंगळावर निघाला हुता?"

"मी न्हाई. पर माझ्यातला कुणी तरी जायाला पायजे का नको?"

तिसऱ्या दिवशी एस. टी. धरली. साताऱ्याला गाडी बदलली, उभ्यानं सांगली गाठली. कॉलेजच्या दारात शिपायानं विचारलं, "काय काम हाय, बाबा?" म्हटलं, "मंगळाच्या गाडीचं." त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि वेडा समजून आत सोडलं.

बाई तिशी-पस्तिशीच्या, खडूनं हात भरलेले. मी कोण ते सांगितलं. त्या ओशाळून हसल्या. "आजोबा, एवढ्यासाठी इतक्या लांब आलात?"

मी उजवा हात टेबलावर ठेवला. मधली दोन बोटं भाकरीसारखी चपटी आहेत माझी.

"कृष्णेला पूर आलेला, बाई. रस्ता बंद. हळदीची पोती नावेतनं अलीकडं आणत हुतो. पाण्यावर भरलेली नाव एका हातानं ढकलली की जाती. हाताला वजन म्हणाल तर काय सुदीक न्हाई. तशी ती घाटाच्या पायरीवर आली. मला वाटलं, एका हातानं ढकलली, एका हातानं थांबवीन. तिनं ऐकलं न्हाई. पायरीच्या आन् तिच्या मधी हात गावला. आता सांगा, वजन नव्हतं तर बोटं कशानं गेली?"

बाईंनी वाकून ती बोटं बघितली. मग म्हणाल्या, "जडत्व. दर वर्षी फळ्यावर लिहिते मी. आणि नाटकात विसरले." त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. "बसा. माल कसा भरायचा ते सांगा."

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. पोहोचल्या पोहोचल्या जे लागणार ते दाराशी, म्हणजे औषधं. ती शेवटी भरायची. जड यंत्रं मधोमध, एका अंगाला गेली तर गाडी तिरकी ओढते. कुठं बोटभर फट ठेवायची नाही, फटीत माल नाचायला शिकतो. बांधायचे आकडे नुसते तळाला नकोत, सहाही बाजूंना पाहिजेत, कारण तिथं तळ कुठला हेच ठाऊक नाही. आणि उतरवताना मालाच्या सगळ्या रांगा एकदम सोडायच्या नाहीत. एक सोडायची, बाकीच्या बांधलेल्या ठेवायच्या.

त्या भराभर लिहीत होत्या. म्हणाल्या, "वाटेत इंधन जळून जातं. मग तोल बदलेल ना?"

"बदलंल की. कराडला निम्मा माल उतरवला की राहिलेला मधी सरकवतो आमी. तसंच."

एका ठिकाणी मात्र मी अडकलो. वरून ताडपत्री टाका म्हटलं. बाईंना हसू आवरेना. "मुकादम, तिथं पाऊस कुठला?"

कान तापले माझे. पण टाकलेला शब्द मागं घ्यायची मला सवय नाही. म्हटलं, "पाऊस नसंल. ऊन तर हाय?"

त्या हसायच्या थांबल्या. "ऊन आहे. भयंकर आहे." आणि वहीत लिहिलं, चकचकीत ताडपत्री. त्यांनी मला आजोबा म्हणायचं केव्हा सोडलं, ते माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

शेवटी गाडी सोडायचं कसं, ते सांगायची वेळ आली. मी म्हटलं, मुकादमानं फाळक्यावर, गाडीच्या मागच्या दारावर, दोनदा हात मारल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. यार्डाचा कायदाच आहे तो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "इथं मात्र अडचण आहे. यान भरतं ते अंतराळात, बाहेर हवा नाही. बाहेरून मारलेला हात आतल्या कप्तानाला ऐकू येईलच असं नाही, आणि बाहेर उभा राहिलेला माणूस जगायचा कसा?"

मी खिडकीपर्यंत गेलो, परत आलो. पुन्हा गेलो. खाली मैदानात पोरी खो-खो खेळत होत्या. मग म्हटलं, "मग त्याला आत घ्या. आतनंच हात मारंल. मालाबरुबर जाईल त्यो."

"म्हणजे हमाल यानात?"

"न्हाईतर उतरवणार कोण? कप्तान?"

त्यांनी लिहिलं. आणि मला हाताला धरून रेडिओ स्टेशनवर, रेकॉर्डिंगच्या खोलीत घेऊन गेल्या, तिथं लाकडी दारावर दोनदा हात मारायला लावला. तिथला माणूस म्हणाला, जरा हळू. मी म्हटलं, हळू मारला तर गाडी जायाची न्हाई.

त्या भागाला आम्ही दोघं रेडिओपुढं बसलो. आतनं ते दोन आवाज आले, धप्, धप्, आणि यान निघालं. बायको माझ्या हाताकडं बघत म्हणाली, "ह्यो तर तुमचाच हात." आणि पदरानं नाक पुसत चुलीकडं गेली.

पुढं यान मंगळाला पोहोचलं. नाटकातल्या मुकादमानं एकेक रांग सोडली, कुणाचं बोट चेंगरलं नाही, वस्तीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आणि नाटक तिथंच संपलं.

मी रेडिओ बंदच केला नाही. वाटलं, अजून काही तरी सांगतील. मग गाणी लागली.

गाडी रिकामी परत आणायची नसते. जिथं माल उतरवला तिथनंच परतीचं भाडं बघायचं असतं, नाहीतर मालकाला परवडत नाही आणि तो गाडी माघारी आणायचाच नाही. हे बाईंना सांगायचं माझ्याकडून राहिलं. वहीत पाठवणीचं सगळं होतं, परतीचा एक शब्द नव्हता. कार्ड टाकलं. कॉलेजातून उत्तर आलं, की बाईंची बदली झाली.

लाकडं मी अजून रचतो. बायको आता त्यावरून टोकत नाही. रचता रचता हात थांबतो आणि मनात येतं, तिथल्या मातीत असं काय असेल जे इकडं खपेल? काही तरी असणारच. ते पोत्यात भरायचं, जड ते मधोमध ठेवायचं, बोटभर फट ठेवायची नाही. कारण माझा माणूस मीच हट्टानं त्या गाडीत चढवला, आणि तो अजून तिकडंच उभा आहे, फाळक्यापाशी, हात उचलून.