‘नाय’ यादीत नव्हता

करणी, बाधा, बाहेरचं — असलं काही मी कधीच मानलं नाही. मोहोपाड्याच्या एका कारखान्यात मी लिनक्सचे सर्व्हर सांभाळते. सर्व्हर अडला की तिथली मंडळी त्याच्यापुढे उदबत्ती लावतात, मी लॉग वाचते. मशीनने स्वतःच लिहून ठेवलेल्या नोंदी त्या, त्यात काय ते सगळं सापडतं, असं मी सगळ्यांना तोऱ्यात ऐकवायचे. म्हणून तर हे लिहायला इतके महिने लागले.

आमचं घर चौकला, जुन्या हायवेपासून थोडं आत. घरात मी आणि अण्णा, माझे वडील. पडल्यापासून ते खाटेवरच होते. बोलणं खणखणीत, पण हात इतके थरथरायचे की फोन धरवत नव्हता. बाराला शेजारच्या सुमनवहिनी त्यांना जेवू घालून जायच्या, तीनला चहा. मधल्या वेळेची मला काळजी. म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर मी एक छोटी सर्व्हिस लिहिली — मागच्या मागे सतत चालणारा प्रोग्रॅम. खाटेजवळ माइक ठेवला. अण्णा ‘बरं नाही’ म्हणाले की माझ्या मोबाइलवर अलार्म वाजणार. ओळखायच्या शब्दांची यादी मीच टाइप केली, पाच मिनिटांत.

आता अण्णा जन्मात कधी ‘नाही’ म्हणाले नव्हते. आमच्याकडे ‘नाय’. मी तो ‘नाय’ शाळेत बोलणी खाऊन खाऊन जिभेवरून घालवलेला... यादी करताना आठवलासुद्धा नाही. चाचणीत मशीन त्यांना दाद देईना, तर मी शहाणी त्यांनाच शिकवायला बसले.

“अण्णा, ‘नाही’ म्हणा. ना-ही.”

“मशिनीसाटी आता शुद्ध बोलू व्हय गं मी?” ते हसायला लागले. “तुला कळतं ना माजं? मग झालं.”

पण माझ्यासाठी दोनदा म्हणून दाखवलं. अलार्म वाजला, मी खूश. ‘नाय’ यादीत टाकायला एक मिनिट लागलं असतं. रविवारी करू, म्हटलं.

गुरुवारीच ते गेले. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा सगळं संपलं होतं. माझा मोबाइल दिवसभर गप्प.

न ओळखलेला आवाज ती सर्व्हिस वेगळा साठवून ठेवायची. दिवसकार्य उरकल्यावर मी तो ऐकला. दुपारी एक वाजून दहा मिनिटं. “मीने, बरं नाय वाटत गं.” मग पुन्हा तेच. पाच वेळा. शेवटी नुसतं “नाय गं...” मी पंधरा मिनिटांवर होते हो. फक्त पंधरा मिनिटांवर.

माइक काढून कपाटात टाकला. अलार्मचा भागही पुसला. कॉम्प्युटर मात्र बंद करवेना.

महिन्याभराने एकदा रजा घेऊन घरी होते. दुपारी कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला. बघते तर तीच सर्व्हिस, प्रोसेसर शंभर टक्के! घड्याळात एक दहा. पंधरा मिनिटांनी आपोआप शांत. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशीही. रीस्टार्ट केलं, अपडेट केलं, कोड ओळ न् ओळ तपासला. ऑफिसातला मित्र म्हणाला, “माइक सापडत नसेल, म्हणून गरगरतंय.” पटण्यासारखं होतं. पण मग दिवसभर गरगरायला हवं ना? रोज एक दहालाच का?

शेवटी एका दुपारी, पंखा घरघरत असतानाच, लॉग उघडला. आधी शब्द ओळखायचे अर्धेमुर्धे प्रयत्न — ‘ना’... ‘बरं ना’... आणि मग खाली, शेकडो ओळी, एकसारख्या. ‘बरं नाही.’ ‘बरं नाही.’ ‘बरं नाही.’

ज्या शब्दाला त्यांची जीभ कधी सहज वळली नाही, तो अण्णा घोकत होते. मला कळावं म्हणून.

मी हमसून हमसून रडले. तशीच यादी उघडली, ‘नाय’ लिहिलं, सर्व्हिस पुन्हा सुरू केली आणि रिकाम्या खाटेकडे बघून मोठ्याने म्हणाले, “अण्णा, नाय म्हणा. चालतं आता.” पंख्याची घरघर तिथल्या तिथे थांबली.

त्यानंतर एकदाही नाही. मी ‘नाय’ यादीतून काढून पाहिला. माइक परत लावला. रजा घेऊन घेऊन दुपारी एक वाजता त्या कॉम्प्युटरसमोर बसले. प्रोसेसर दोन टक्के, लॉग कोरा. काय होतं ते मला आजही सांगता येत नाही, तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर सांगा. वहिनी म्हणतात, “सुटले गं अण्णा.” सुटलेही असतील. पण ते रोज मला हाका मारत होते, आणि मी तो बिघाड समजून दुरुस्त करून टाकला.