मामांचा सोरा

बातमी मामींनीच दिली. मी धर्माबादला सकाळी कॉलेजला निघाले होते, तेव्हा लातूरहून फोन आला. "तुझे मामा गेले गं माय... चहा घेतला, पेपर मागितला अन् मान टाकली." त्याला आता महिना होत आला.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. केमिकल इंजिनिअर. नांदेडच्या एका लहान कारखान्यात सोरा, म्हणजे फटाक्यांच्या दारूत पडतो तो पांढरा क्षार, बनवायचे. तिथं सोऱ्यासोबत मीठही तयार व्हायचं आणि दोन्ही एकाच पाण्यात विरघळलेलं असायचं. ते वेगळं काढायचं काम मामांचं. पाणी आटवलं की गरम असतानाच मीठ खाली बसतं. ते गाळून उरलेलं पाणी सावकाश थंड केलं की सोऱ्याचे लांब स्फटिक धरतात. पण पहिल्या फेरीचा सोरा चोख नसतो, तो पुन्हा विरघळवून पुन्हा थंड करायचा. आणि वर राहिलेलं पाणी फेकायचं नाही, ते पुढच्या घाण्यात जातं, कारण त्यातही सोरा असतोच.

भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होते. किल्लारीच्या बाजूला आमचं गाव. आई-बाबा गेले. मला शेजाऱ्यांनी दगडमातीतून ओढून काढलं. मामा मला नांदेडला घेऊन आले, पण माझी वाचाच बसली होती. मामी काळजीनं रडायच्या, देवाला बोलायच्या, मला विचारत राहायच्या. मामा त्यांना एवढंच म्हणायचे, "तिच्या मागं लागू नको. पाणी घाईनं थंड केलं तर नुसता गाळ होतो." ते मला सोबत कारखान्यात नेत, टाकीच्या कठड्याजवळ स्टुलावर बसवत आणि आपल्या कामाला लागत. असे कित्येक आठवडे गेले. एकदा टाकीत सोरा धरलेला दिसला आणि मी विचारलं, "मीठ कुठं गेलं?" मामांनी हातातली पळी खाली ठेवली. डोळे पुसले नाहीत की मला जवळ घेतलं नाही. सरळ उत्तर द्यायला बसले... ते उत्तर चांगलं लांबलं.

पुढं कारखाना बंद पडला आणि आम्ही लातूरला आलो. तेव्हा गल्लोगल्ली क्लासेस निघत होते. एका मोठ्या क्लासमध्ये मामा केमिस्ट्री शिकवू लागले. मी अकरावीला तिथंच होते. सुरुवातीला एक चाचणी झाली, तिच्यावरून बॅच पडल्या आणि मी खालच्या बॅचमध्ये गेले. क्लासचे संचालक स्वतः घरी आले. "सर, भाचीचं नाव वर टाकून देतो. आपल्या घरचंच लेकरू हाय."

मी आतून ऐकत होते. मला वाटलं, झालं काम.

"एकीलाच कसं न्यायचं?" मामा म्हणाले. "सगळ्यांची परत चाचणी घ्या. दर महिन्याला घ्या. एकदा थंड करून खाली बसलं तेवढाच माल नसतो, सर."

"पोरं म्हणजे सोरा न्हाई, सर. पालक रिझल्ट विचारतात."

"मी बी पालकच हाय. माझीच भाची हाय की त्यात."

संचालक ऐकले नाहीत. मामांनी क्लास सोडला आणि आमच्या पुढच्या खोलीत माझ्यासकट खालच्या बॅचची पोरं शिकायला बसवली. मला लई राग आला. माझ्यासाठी एक शब्द टाकायला यांचं काय जात होतं? मी कित्येक दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी तेव्हाही मला बोल म्हटलं नाही. पाठ कळला नाही की तोच पाठ पुन्हा, वेगळ्या बाजूनं, न चिडता घेत राहिले.

मला मेडिकल लागलं नाही. आमच्यातली एक जण डॉक्टर झाली, रेणापूरला तिचा दवाखाना आहे. काही जण नापास झाले, तेही मामा गेल्यावर भेटून गेले. मी केमिस्ट्री केली आणि आता तीच शिकवते. माझा राग कधी गेला, मला सांगता येणार नाही.

तेराव्यानंतर आम्ही घर धुवायला काढलं. पुढच्या खोलीत भिंतीवरच काळा रंग देऊन मामांनी फळा केला होता. त्यावर खडूनं लिहिलेलं एक गणित अर्धं राहिलं होतं. मी ओलं फडकं घेऊन पुढं झाले तर मामींनी माझं मनगट धरलं.

"ते राहू दे," त्या म्हणाल्या. "मला त्यातलं काही कळत न्हाई. पण अक्षर त्यांचं हाय."