मिटलेली छत्री आणि बंद स्कूटर

अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येत आहे की, पंचवटीतल्या आमच्या सोसायटीच्या दारात चौदा वर्षं बंद उभी असलेली स्कूटर अखेर निवर्तली.

तिचे मालक म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे सर. कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. भाजी घेऊन येताना कुणी भेटलं की मिटलेली छत्री त्याच्या नाकासमोर धरतात. "हे प्रथिन पेशीत असं मुकाट पडून असतं, बरं का! पेशी बिघडली, इशारा मिळाला, की..." फट्‌कन छत्री उघडते. "आकार बदलतं, पेशीच्या वीजघरात, म्हणजे तिच्या एकलहरे वीजकेंद्रात घुसतं आणि सोबत्यांना जमवून भिंतीला भोकं पाडतं. काही तासांत पेशी मरता मरता स्वतःची गाठोडी बांधते, शेजारच्या पेशी ती गिळतात. कचरा नाही, कटकट नाही!"

स्कूटरचा विषय निघाला की मात्र छत्री मिटायची.

मग तळमजल्यावरच्या काकांना चाकाची खुर्ची आली. तिच्यासाठी उतार बांधायची जागा नेमकी स्कूटरखाली. मी म्हटलं, "सर, काका आठवडाभर खिडकीतच बसून आहेत." सरांनी एकदा त्या खिडकीकडे पाहिलं आणि जिना चढून गेले.

रविवारी सकाळी सर पाना घेऊन खाली बसलेले. स्कूटर सुटी करून एकेक भाग वर्तमानपत्रात बांधत, शेजाऱ्यांना वाटत होते. मला आरसा मिळाला, काकांना हॉर्न. सरांचे डोळे ओले, पण हात थांबले नाहीत.

तेवढ्यात गॅलरीतून त्यांच्या सौभाग्यवती कडाडल्या, "अहो, पेशीला काही तास लागतात ना? मग तुम्हाला चौदा वर्षं कशी लागली?"